छाटकलमांचा पहिला हिवाळा

मघाशी मागच्या रांगेतून प्रश्न आला, की उन्हाळ्यात लावलेल्या छाटकलमांना, म्हणजे फांदीचे तुकडे रुजवून केलेल्या रोपांना, मुळं भरपूर फुटली होती, तरी वसंतात निम्मी मेलेली निघाली, असं का? कडक थंडीच्या प्रदेशात रोपं वाढवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न भेटतोच. तेव्हा आज त्यावरच बोलतो.

थंडी म्हटलं की आपण फांदीची काळजी करतो. पण फांदी स्वतःची तयारी करत असते. दिवस लहान होऊ लागले की ती वाढ थांबवते, पेशींत साखर साठवते, सुप्तावस्थेत जाते. थंड प्रदेशातल्या कित्येक झाडांच्या फांद्या उणे 20 अंश सेल्सिअसच्या खालीही तगतात. मुळं इतकी काटक होत नाहीत. त्याच झाडांपैकी अनेकांची कोवळी मुळं उणे 5 अंशांच्या आसपास मरू लागतात. जमिनीत हे जाणवत नाही, कारण माती सावकाश गार होते आणि खालून ऊब मिळत राहते. कुंडीला मात्र चारही बाजूंनी वारा लागतो, आणि मुळं नेमकी तिच्या कडेलाच पसरलेली असतात. मग वसंतात फांदीतल्या साठ्यावर दोन पानं फुटतात, आपण हरखतो, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत सगळं सुकतं. मूळ तर हिवाळ्यातच गेलेलं असतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की राखायचं ते मुळांना, आणि उबेत नाही तर एकसारख्या गारव्यात. घरात आणलेलं पानगळीचं रोप अवेळी जागं होतं, उजेड अपुरा पडतो, कोंब लांबुडके आणि फिकट निघतात. शिवाय या झाडांचे डोळे, म्हणजे फांदीवरच्या कळ्या, नीट फुटायला काही आठवडे गारठा मिळावाच लागतो. 1 ते 4 अंशांत स्थिर राहणारी जागा सर्वांत उत्तम. तशी नसेल तर कुंड्या एकमेकींना खेटून जमिनीत काठापर्यंत पुरा आणि वर पालापाचोळ्याचा जाड थर द्या. उंदरांना तो थर फार आवडतो, साली कुरतडतात, तेव्हा बारीक जाळी लावा. पारदर्शक प्लास्टिक टाळा. त्याखाली उन्हात दिवसा तापतं, रात्री गोठतं, आणि हे वर-खाली होणंच रोपाला मारतं. पांढरं प्लास्टिक त्या मानाने बरं.

पाण्याबद्दल लोक दोन टोकं गाठतात. कुंडीतलं कोरडं माध्यम, म्हणजे मातीचं मिश्रण, ओल्यापेक्षा लवकर गोठतं, आणि सदाहरित झुडपांची पानं हिवाळी उन्हातही पाणी सोडत असतात. मूळ गोठलेलं असेल तर ती तहानेनेच मरतात. उलट चिखल केला, हवा कोंडली, की करडी बुरशी आलीच. हाताला जेमतेम ओल लागेल इतकंच पाणी ठेवा आणि गळालेली पानं उचलत राहा.

मेपल, मॅग्नोलिया, विच हेझल, काही व्हायबर्नम यांची गोष्ट वेगळी, आणि सगळ्यात जास्त निराशा इथेच होते. यांच्या कलमाने मुळं धरल्यावर त्याच हंगामात नवा फुटवा दिला नसेल, तर पुढच्या वसंतात डोळे उघडायला लागणारा अन्नसाठा पुष्कळदा त्याच्याकडे नसतो. अशा कलमांना शरद ऋतूत कुंडी बदलण्याचा मोह आवरा. मुळं हलली, तुटली, की उरलासुरला साठा ती दुरुस्त करण्यात जातो. ज्या ट्रेमध्ये रुजली तिथेच हिवाळा काढू द्या, वसंतात कोंब हलल्यावर कुंडी बदला. कलमं लवकर, उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच घेतली आणि रुजल्यावर कृत्रिम प्रकाशाने दिवस लांबवला, तर थंडीआधी फुटवा मिळू शकतो. उन्हाळा सरताना मात्र नत्राचं खत बंद करा. उशिरा आलेली लुसलुशीत वाढ पहिल्या हिमातच काळी पडते.

आच्छादन काढायची घाई नको. ढगाळ दिवस बघून थोडं थोडं उघडा, रात्री हिमाची शक्यता असेल तर पुन्हा झाका. आणि फुटलं नाही म्हणून लगेच फेकू नका. मुळांचा गोळा कुंडीतून अलगद काढून बघा. मूळ पांढरं, कडक असेल तर रोप जिवंत आहे, वाट बघा. तपकिरी आणि बुळबुळीत झालं असेल, तर ती जागा दुसऱ्या कलमाला द्या.