खांदा दुखतोय म्हणून हात बाजूला ठेवलात? त्याला कामाला लावा

नमस्कार मंडळी. बसल्या जागी एक करून बघा. दुखणारा हात बाजूने सरळ, सावकाश वर न्या, थेट कानापर्यंत. सुरुवातीला काही नाही, खांद्याच्या पातळीच्या थोडं अलीकडे-पलीकडे आल्यावर चमक, आणि त्याच्याही वर गेलात की पुन्हा जरा बरं? साधारण 60 ते 120 अंशांच्या मधे दुखत असेल तर आजचा विषय बहुतेक तुमचाच आहे: खांद्याच्या टेंडनचं, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्याचं, दुखणं.

हे दुखणं ओळखायला एक्स-रे लागत नाही, तुमच्या तक्रारीच पुरतात. दोरीवर कपडे वाळत घालताना कळ येते. माळ्यावरचा डबा काढताना येते. गाडीत मागच्या सीटवरची पिशवी ओढताना तर जीव जातो. आणि रात्री झोपेत त्या कुशीवर वळलं की जाग येते.

पुढे जाण्याआधी, कोणी हा व्हिडिओ बघून घरी व्यायाम सुरू करायचा नाही ते सांगते. पडल्यानंतर हात वर उचलताच येत नाहीये, खांद्याला सूज आहे आणि ताप आहे, कारण नसताना वजन उतरतंय, किंवा मानेपासून थेट बोटांपर्यंत मुंग्या येतात, अशांनी आधी डॉक्टर गाठायचा. डाव्या खांद्यात दुखतंय आणि सोबत छातीत दाब, घाम, धाप असेल तर व्हिडिओ बंद करा आणि हॉस्पिटलला निघा. गंमत नाही.

अजून एक गाळणी. कोपर कमरेला चिकटवा, काटकोनात वाकवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला फिरवा. दुसऱ्या कोणी हात धरून फिरवला तरी तो अडकतोच, असं असेल तर तो फ्रोझन शोल्डर असू शकतो. मधुमेह असणाऱ्यांत तो जास्त दिसतो आणि त्याची वाट वेगळी आहे. आपल्याकडे खांदा दुखला की शेजारच्या काकूंपासून सगळे 'फ्रोझन शोल्डर' म्हणून मोकळे होतात. मग भिंतीवर बोटांनी चढणं आणि दोरी-पुली सुरू. ते आखडलेल्या खांद्यासाठी ठीक आहे. टेंडनला त्यातून फारसं काही मिळत नाही, कारण त्यात त्याच्यावर भारच येत नाही.

आता आत काय चाललंय ते बघू. खांद्याची खोबण उथळ आहे, दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यापेक्षा बराच मोठा. चार छोटे स्नायू तो गोळा पुढून, वरून आणि मागून खोबणीत धरून ठेवतात. त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. त्यातला वरचा, सुप्रास्पायनेटस, त्याचं टेंडन सगळ्यात जास्त कुरकुर करतं.

ते का दुखतं, याची एक गोष्ट आम्हा फिजिओंनाही वर्षानुवर्षं शिकवली गेली. 1972 मध्ये चार्ल्स नीअर या अमेरिकन सर्जनने मांडलं की टेंडनच्या वर छपरासारखं जे हाड असतं, ते टेंडनला घासतं. इम्पिंजमेंट. उपाय सरळ होता, छपराचं हाड थोडं तासायचं. जगभर ही शस्त्रक्रिया झाली. मग ब्रिटनमध्ये काही लोकांनी ती तपासून पाहिली. 32 हॉस्पिटलं, 313 रुग्ण, तीन गट. एका गटाचं हाड तासलं. दुसऱ्या गटात दुर्बीण आत घातली, बघितलं, आणि काहीही न तासता बाहेर काढली. कोणाचं काय केलंय हे त्या रुग्णांना सांगितलं नव्हतं. तिसऱ्या गटाला काहीच उपचार नाही. 2018 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. तासलेले आणि न तासलेले, दोघांचे खांदे सारखेच! उपचार न घेतलेल्यांपेक्षा ते किंचित बरे होते, पण रोजच्या जगण्यात जाणवेल इतकं नाही. फिनलंडमध्ये असाच प्रयोग झाला, तिथेही तासण्याचा वेगळा फायदा दिसला नाही. 2019 मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने या दुखण्यासाठी ही शस्त्रक्रिया करू नका असं स्पष्ट सुचवलं.

हाड तासूनही फरक पडत नसेल, तर दुखण्याचं मूळ नुसत्या घासण्यात नाही. आज जास्त पटणारं उत्तर असं आहे: टेंडनची जेवढी ताकद आहे, त्याहून जास्त काम त्याच्याकडून अचानक करून घेतलं गेलं. दिवाळीच्या आधी दोन दिवसांत सगळ्या घराची जळमटं काढली. सहा महिने काही नाही आणि रविवारी मैदानावर दहा ओव्हर टाकल्या. वय, मधुमेह, कमी झोप यांचाही त्यात हात असतोच. आणि दुखायला लागल्यावर आपण काय करतो? बाम लावतो आणि हात वापरणं सोडतो. त्याने दुखणं खरंच कमी होतं, म्हणूनच फसायला होतं. न वापरलेलं टेंडन आणखी अशक्त होतं आणि पुढचं पिंप उचललं की पुन्हा पहिल्यापासून सुरू.

'पण मॅडम, एमआरआयमध्ये टेंडन फाटलंय असं आलंय.' हे वाक्य मी रोज ऐकते. 1995 च्या एका अभ्यासात, ज्यांचा खांदा अजिबात दुखत नव्हता अशा 96 जणांचे एमआरआय काढले. साठीच्या पुढच्यांपैकी 54 टक्के लोकांत टेंडन थोडं किंवा पूर्ण फाटलेलं निघालं. दुखणं शून्य. अमेरिकेतल्या दुसऱ्या एका अभ्यासात पडझडीशिवाय टेंडन आरपार फाटलेल्या 452 जणांना आधी व्यायाम दिला. दोन वर्षांत त्यांतल्या चौथा हिस्साही लोकांनी शस्त्रक्रिया करून घेतली नाही. पडून फाटलेलं टेंडन ही वेगळी गोष्ट, तिथे सर्जनला लवकर दाखवायचं. पण वयानुसार विरलेल्या टेंडनचा रिपोर्ट वाचून रडू नका.

चला, आता उठा. आधी ज्यांना खूप दुखतंय त्यांच्यासाठी. दुखरी बाजू भिंतीकडे करून उभे राहा. कोपर काटकोनात, कमरेला लावलेलं, मधे टॉवेलची घडी. पंजाची मागची बाजू भिंतीला टेकवा आणि बाहेर ढकला. भिंत हलणार नाही, तुम्हीही हलायचं नाही. 30 सेकंद धरा, सोडा. असं पाच वेळा. सुरुवातीला निम्म्या जोराने. श्वास रोखू नका, बरेच जण रोखतात.

ते जमायला लागलं की बाटली. बऱ्या कुशीवर झोपा. दुखरा हात वर, कोपर बरगडीवर, मधे तोच टॉवेल. हातात पाण्याची अर्ध्या लिटरची भरलेली बाटली. पंजा पोटासमोरून छताच्या दिशेने वर न्या आणि खाली आणताना तीन आकडे मोजा. खाली आणतानाची घाई सगळे करतात, आणि अर्धा व्यायाम तिथेच वाया जातो. दहा-बारा वेळा, मग दोन मिनिटं थांबा, असे तीन फेरे.

बाटलीचा फायदा असा की वजनाचा हिशेब सोपा: अर्धा लिटर म्हणजे अर्धा किलो, एक लिटर म्हणजे एक. पंधरा वेळा आरामात होतंय? मग वजन वाढवा. शेवटचे दोन-तीन जड गेलेच पाहिजेत. महिनाभर तीच अर्ध्या लिटरची बाटली हलवत बसणारे लोक मग म्हणतात, व्यायामाने काही झालं नाही.

तिसरा, पुश-अप. आधी भिंतीवर, मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर, मग जमलं तर जमिनीवर. चौथा, खिडकीच्या गजाला रबरी पट्टा अडकवून दोन्ही कोपरं मागे ओढणं. पट्टा नसेल तर सायकलची जुनी ट्यूब चालते. शेवटी हात वर उचलण्याचा व्यायाम: अंगठा वर, हात अगदी बाजूला न नेता थोडा पुढे, खांद्याच्या पातळीपर्यंत. तो सहज झाला की त्याच्या वर.

हे सगळं एक दिवसाआड. रोज नाही, टेंडनला सावरायला वेळ लागतो. आणि किमान बारा आठवडे.

व्यायाम करताना दुखलं तर? दुखू दे थोडं. दहापैकी चारपर्यंत चालतं, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा आदल्या दिवशीइतकाच असायला हवा. ठणका वाढला असेल तर वजन कमी करा. बंद करू नका, कमी करा.

आता माझ्या धंद्याविरुद्ध बोलते. ब्रिटनमध्ये 708 जणांवर झालेला, 2021 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेला अभ्यास आहे. काहींना फिजिओकडे सहापर्यंत बैठका मिळाल्या, काहींना एकच बैठक, नीट समजावून सांगितलेला घरचा व्यायाम आणि एक पुस्तिका. वर्षाच्या शेवटी दोन्ही गट सारखेच. त्याच अभ्यासात स्टिरॉइडचं इंजेक्शनही होतं. त्याने आठ आठवड्यांपर्यंत थोडा आराम दिसला, वर्षाने काही फरक नाही. रात्रभर झोपच नसेल तर डॉक्टरांशी बोलून इंजेक्शनचा विचार करायला हरकत नाही, त्याने निदान व्यायाम सुरू करता येतो. पण कोणी तुम्हाला मशीनच्या शेकाच्या वीस बैठकांचं पॅकेज विकत असेल, तर त्यात खांद्याला भार देणारा व्यायाम किती आहे ते विचारा. नसेल तर ते पैसे डंबेल्सवर घाला.

एक प्रश्न हमखास येणार, म्हणून आधीच सांगते: सूर्यनमस्कार चालू ठेवू का? ठेवा, पण जमिनीवर पुश-अप नीट होईपर्यंत साष्टांगात जाताना गुडघे आधी टेकवा आणि संख्या निम्म्यावर आणा. दुसऱ्या दिवशी सकाळचा खांदा ठीक असेल तर दर आठवड्याला दोन-दोन वाढवा.