पाण्यातून सुटायचं तर इंजिन कोणतं? रिमोटच्या सी-प्लेनची गोष्ट

[दृश्य: फ्लोट लावलेलं मॉडेल, नाक वर, मागे पांढरा फेस]

हे बघा, नाक वर करून पाणी ढकलत चाललंय, आवाज फुल थ्रॉटलचा आणि वेग मात्र जेमतेम. इंजिनची खरी परीक्षा इथेच होते, वर हवेत नाही. सुरुवातीला फ्लोट, म्हणजे चाकांच्या जागी लावलेले तरंगणारे पोकळ पाय, पाण्यात बुडालेले असतात, पुढे जायचं म्हणजे पाणी बाजूला सारत जायचं, आणि वेग वाढेल तसा पाण्याचा विरोध आधी वाढतच जातो, मग एका क्षणी फ्लोट वर येतात, पाण्यावरून घसरायला लागतात आणि विरोध एकदम उतरतो. विमान स्टेपवर आलं म्हणतात ते हेच. फ्लोटच्या तळाला मधेच जी पायरी असते ना, ती त्यासाठीच, तिथे पाणी तळापासून सुटतं आणि खाली हवा शिरते, नाहीतर पाणी तळ धरून ठेवतं.

या टप्प्यापुरती जोराची ओढ इंजिनात असली पाहिजे, बाकी सगळं नंतर. म्हणून चाकांवर झकास उडणारं मॉडेल फ्लोट लावले की अडतं. फ्लोट आणि त्यांच्या दांड्या मिळून मधल्या साइजच्या मॉडेलवर अर्धा-पाऊण किलो सहज चढतो, वर पाण्याचा विरोध आहेच. इलेक्ट्रिकमध्ये हिशोब सोपा आहे, साध्या स्पोर्ट विमानाला किलोमागे २२० वॅटच्या आसपास पुरतात, पाण्यावर ३३० च्या पुढे धरा, म्हणजे ३ किलोचं विमान असेल तर १००० वॅट. आणि वजन फ्लोटसकट करायचं हां, नाहीतर सगळा हिशोब चुकतो.

[दृश्य: टेबलावर दोन प्रॉप शेजारी शेजारी]

पण नुसती पॉवर बघून इंजिन घेऊ नका, प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, तोही बघा. ४६ साइजचं टू-स्ट्रोक ग्लो इंजिन, म्हणजे तापलेल्या ग्लो प्लगवर आणि मिथेनॉलच्या इंधनावर चालणारं, साडेसात सीसीचं, जमिनीवर बहुतेक जण ११ बाय ६ लावतात. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, म्हणजे एका फेऱ्यात प्रॉप किती पुढे सरकेल ते, दोन्ही इंचात. पाण्यासाठी तेच इंजिन १२ बाय ४ वर घ्या, टॉप स्पीड जाईल, जाऊ दे, उभ्या जागेवरची ओढ वाढते आणि आपल्याला तीच हवी आहे. सायकल चढावर खालच्या गिअरला टाकतो तसंच हे. जास्त पिचचा त्रास भल्याभल्यांना झालाय, सुपरमरीन एस.६बी या सी-प्लेनने २९ सप्टेंबर १९३१ ला ताशी ६५५ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला, रोल्स-रॉइसचं आर इंजिन, दोन हजारांच्या वर हॉर्सपॉवर, पण प्रॉपची पिच पक्की आणि ती वेगासाठी ठेवलेली, त्यामुळे पाण्यावरून सुटायलाच भलीमोठी धाव लागायची.

मोठा प्रॉप लावताना दोन गोष्टी मात्र बघाच. टोक पाण्यापासून आणि फ्लोटपासून पुरेसं लांब आहे का, आणि फ्लोटची नाकं प्रॉपच्या थोडी पुढे येतात का, म्हणजे उडणारं पाणी प्रॉपवर येत नाही. फिरत्या प्रॉपला पाण्याचे थेंबही जबरदस्त लागतात, लाकडी प्रॉपच्या कडा झिजतात. शिवाय मोठ्या प्रॉपचा टॉर्क, म्हणजे विमानाला उलट्या बाजूला बसणारा पीळ, तोही मोठा, डावा फ्लोट पाण्यात दाबला जातो, थ्रॉटल एकदम उघडायचा नाही.

मोठा प्रॉप सावकाश फिरवायचं काम फोर-स्ट्रोकला छान जमतं. ७० साइजचं फोर-स्ट्रोक १३ इंची प्रॉप आरामात ओढतं आणि आयडल, म्हणजे थ्रॉटल बंद असताना इंजिन फिरत राहायचा वेग, खाली, स्थिर. माझं मत विचाराल तर ग्लोमध्ये पाण्यासाठी हेच. टू-स्ट्रोक हलकं, साधं, स्वस्त, वाईट अजिबात नाही, पण आयडल जास्त असेल तर विमान थांबतच नाही, पाण्यावर ब्रेक कुठून आणणार! आणि आयडल फार खाली नेला तर इंजिन मधोमध बंद पडतं, तिथे चालत जाता येत नाही, होडी काढावी लागते. पेट्रोल इंजिन मोठ्या मॉडेलला ठीक, फक्त इग्निशन कोरडं ठेवायची नीट सोय करा.

[दृश्य: उलटं झालेलं मॉडेल किनाऱ्यावर आणलंय, ग्लो प्लग काढतायत]

विमान उलटलं तर? हे होणारच, त्याची तयारी इंजिन निवडतानाच ठेवा. चालू इंजिनने पाणी ओढलं की लगेच स्टार्टर अजिबात लावायचा नाही, पाणी दाबलं जात नाही, आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढा, इंजिन खाली तोंड करून हाताने फिरवा, पाणी बाहेर येऊ द्या, मग थोडं ग्लो फ्युएल आत घालून परत फिरवा. त्यातलं मिथेनॉल पाण्यात मिसळतं आणि उरलंसुरलं पाणी घेऊन बाहेर पडतं. नंतर लगेच इंजिन चालवून गरम करा, बंद करताना आत तेल घाला, नाहीतर बेअरिंग गंजणार. समुद्राचं पाणी असेल तर या सगळ्याच्या आधी गोड्या पाण्याने धुवा.

इलेक्ट्रिक विमानाच्या ब्रशलेस मोटरला ही भीती कमी, तारांवर लाखेचा थर असतो, भिजूनही चालते, सांभाळायचे ते बेअरिंग. नाजूक आहे ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, आणि बॅटरी, खाऱ्या पाण्यात तर फारच. पण मोटर आयडलला बंद पडत नाही, प्रॉप पूर्ण थांबवता येतो, आणि रिव्हर्सवाला ईएससी घेतला तर किनाऱ्याला येताना विमान मागेही घेता येतं. नव्याने सुरू करणाऱ्याला मी आज इलेक्ट्रिकच सांगेन.

फ्लाइंग बोट असेल, म्हणजे इंजिन वर खांबावर, तर थोडा वेगळा विचार, ओढ वरून लागते म्हणून थ्रॉटल दिला की नाक खाली दाबलं जातं आणि पुढचा भाग पाण्यात घुसतो, तिथे हलकं इंजिन आणि हळूहळू वाढणारा थ्रॉटलच बरा.

शेवटी कोणतंही ग्लो इंजिन घेतलं तरी पाण्यात सोडायच्या आधी किनाऱ्यावर विमान घट्ट धरून दोन मिनिटं आयडलला ठेवा आणि मग थ्रॉटल पूर्ण उघडा. अडखळलं, तर नीडल, म्हणजे इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू, परत लावा आणि पुन्हा दोन मिनिटं.