तापाचा पहिला दिवस

(गावच्या वाचनालयात आषाढात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, एवढ्या पावसात छत्र्या सावरत तुम्ही आलात, त्याबद्दल आधी आभार. पत्रिकेत विषय छापलाय ‘पावसाळी ताप आणि रक्ताच्या तपासण्या’. सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये मी बत्तीस वर्षं काढली. सुई टोचायची, बाटलीवर नाव चिकटवायचं, फॉर्म भरायचा. त्या फॉर्मवर एक रकाना असतो, ‘तापाचा कितवा दिवस’. आजचं माझं सगळं बोलणं त्या एका रकान्याबद्दल आहे.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा थोरला भाऊ, आमचा दादा. लावणीचे दिवस होते. सकाळी सहाला चिखलणीला उतरायचं ते दिवेलागणीलाच वर यायचं. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या, पांढऱ्या पडून चिरलेल्या. वहिनी रोज रात्री करंजाचं तेल लावून द्यायची. चिखल्या इथे कुणाला नाहीत? हात वर करायला नको, पाय दिसतायत मला. लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, जंतू त्याच चिरांतून आत शिरतो. उंदीर, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून तो खाचरातल्या पाण्यात येतो आणि पाण्याने मऊ पडलेल्या कातडीला वाट मिळते.

रविवारी संध्याकाळी दादाला कणकण आली. भिजलाय म्हणून येत असेल, असं सगळ्यांनीच धरलं. मंगळवारी तालुक्याला नेलं, रक्त घेतलं. लेप्टोची तपासणी निगेटिव्ह. केसपेपरवर लिहिलं, ‘ताप २ दिवस’. शनिवारी जास्त झालं तेव्हा शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. तिथे नव्या फाइलवर जुन्या पेपरवरचं जसंच्या तसं उतरवलं: ताप २ दिवस, लेप्टो निगेटिव्ह. शनिवारी, म्हणजे सातव्या दिवशी! मग डेंग्यू शोधा, कावीळ शोधा. निगेटिव्ह रिपोर्ट फाइलीला टाचलेला, त्यामुळे लेप्टोचा विचार कुणी पुन्हा केला नाही.

मी रविवारी रात्री पोचलो. दादाचे डोळे लाल होते, पण घाण नाही, पाणी नाही, नुसते रक्ताळलेले. पोटरीला हात लावला तर कळवळला. लघवीच्या पिशवीत तळाला चहाच्या रंगाचं थोडंसं काहीतरी. मी विचारलं, “ताप नक्की कधी आला?” प्रत्येकाचं उत्तर वेगळं. पुतण्या म्हणाला बुधवार, शेजारी म्हणाले एकादशीच्या आसपास.

मग घरी वहिनीला फोन केला. स्वयंपाकघरात आमचं कॅलेंडर असतं, दुधाच्या हिशेबाचं. दादा स्वतः गाय पिळायचा. वहिनी म्हणाली, “थांबा हां भावजी, बघते. सोमवारच्या चौकटीत मी ‘दूध नाही’ लिहिलंय. सकाळी गोठ्यात गेलेच नाहीत हे. आदल्या रात्री पेज पण तशीच टाकली होती.” लागला हिशेब. कणकण रविवारची, म्हणजे आज आठवा दिवस. आणि पहिलं रक्त घेतलं होतं तिसऱ्या दिवशी, शरीरात जंतूशी लढणारी प्रतिपिंडं तयार व्हायच्या आधी, आणि तपासणी शोधते ती प्रतिपिंडंच. तो रिपोर्ट चुकीचा नव्हता, पण त्या दिवशी त्याला काही सांगताच येत नव्हतं.

रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर होती. तिने खुर्ची ओढून ऐकून घेतलं. नवीन रक्त पाठवलं आणि रिपोर्टची वाट न बघता पेनिसिलिन सुरू केलं. नंतर रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. दोनदा डायलिसिस करावं लागलं, पण दादा घरी परतला.

मला राग आहे तो त्या उतरवून घेतलेल्या ‘२ दिवस’चा. आणि मनापासून सांगतो, लॅबमधला तो रकाना मीही कितीतरी वेळा रिकामा पुढे पाठवलाय. गर्दी असायची, विचारायचं राहून जायचं. त्या रात्रीनंतर एकदाही राहिलं नाही.

हा आजार काही नवा नाही. १८८६ साली जर्मनीत अडॉल्फ वाइल यांनी त्याचं वर्णन केलं, कावीळ आणि मूत्रपिंड बिघडवणारा ताप म्हणून. जंतू सापडायला १९१५ उजाडलं, तोही जपानमध्ये. इतका बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. म्हणून तर आपण प्रतिपिंडांवर अवलंबून, आणि म्हणून दिवसाला एवढी किंमत.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. शेवटची एसटी साडेआठची आहे, मला माहीत आहे. मुख्य विषय राहिलाच, तो भराभर सांगतो.

डेंग्यूची एनएस१ तपासणी, विषाणूचाच अंश शोधणारी, पहिल्या पाचेक दिवसांत, त्यानंतर आयजीएम, म्हणजे प्रतिपिंडांची तपासणी. आणि डेंग्यूत ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका, प्लेटलेट घसरून धोका बहुधा तेव्हाच असतो. लेप्टोचं आयजीएम साधारण आठवड्याने खात्रीचं, आधी निगेटिव्ह आलं तर पुन्हा करायचं. पण औषध मात्र संशयावरच सुरू होतं, सुरुवातीला डॉक्सिसायक्लिन, आजार वाढला तर पेनिसिलिनसारखी इंजेक्शनं. ते डॉक्टर ठरवतील, मेडिकलमधून स्वतः आणू नका. टायफॉइडची विडाल, तीही प्रतिपिंडांचीच तपासणी, दुसऱ्या आठवड्यात, पहिल्या आठवड्यात रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघणं, तेही अँटिबायोटिकच्या आधी घेतलेलं. मलेरियाची काच, म्हणजे काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेऊन केलेली तपासणी, एकदा निगेटिव्ह आली तरी ताप असेल तर परत. स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्यातून येणारा ताप, त्यात अंगावर चाव्याची काळी खपली शोधा, काखेत, जांघेत, लाजू नका. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे २०१६ साली माकडतापाने, म्हणजे गोचिडीतून येणाऱ्या तापाने, माणसं गेली, तिथल्यांनी काजूच्या हंगामात ताप आला तर जंगलात गेलो होतो, गोचीड चावली होती, हे आपणहून सांगायचं.

आणि सोबत चार गोष्टी घेऊन जा: ताप कधी आला, खाचरात कधी उतरलो, लघवी किती होते, आधी कुठल्या गोळ्या घेतल्या. कॅलेंडरच्या त्याच चौकटीत लिहा, दुधाच्या शेजारी.

दादा गेल्या आठवड्यात लावणीला उतरला. गुडघ्यापर्यंत गमबूट घालून. चिखलात ते रुतून बसतात म्हणून वैतागतो, पण वहिनी बांधावर उभी असते.