पाठराखण वाचायची नाही

(दादर पश्चिम, संध्याकाळ. छबिलदासच्या गल्लीतून स्टेशनकडे.)

पिशवीत चार नवे कवितासंग्रह आहेत. चारही एकावर एक ठेवले तरी दिवाळी अंकाएवढी जाडी होत नाही. महिनाअखेरपर्यंत परीक्षण द्यायचंय, आठशे शब्दांत.

पाठराखण, म्हणजे मलपृष्ठावरचा कौतुकाचा मजकूर, मी वाचत नाही. प्रस्तावनाही नाही. आपल्याकडे प्रस्तावना म्हणजे बहुतेक वेळा स्थळ सुचवणारा मामा. मुलगी गुणी आहे, सगळं येतं.

(बोरिवली लोकल. मांडीवर उघडलेली पुस्तिका.)

हा कवी अठ्ठावीस पानांवर थांबलाय. बरं वाटलं. मुंबईत नव्या मराठी कवितेने वाट काढली ती अशाच किरकोळ दिसणाऱ्या कागदांवरून. १९५०च्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी 'शब्द' हे लघुनियतकालिक काढलं, सायक्लोस्टाइल करून, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढून. पुढे अशोक शहाणे यांचं 'असो' आलं. आणि कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह? थेट १९७७ साली, शहाणे यांच्याच 'प्रास' प्रकाशनाकडून. तोवर कवीची चाळिशी उलटली होती. आता अक्षरजुळणी घरी होते, पन्नास प्रतीसुद्धा छापून मिळतात. कुणाला थांबावं लागत नाही, आणि वाचताना ते कळतं.

दुसऱ्या नि तिसऱ्या संग्रहात लोकलची कविता आहेच. घाम, लोंबकळणं, शेवटी माणसं गिळणारं शहर. दोन्हींतल्या शेवटच्या चार ओळी खोडून पाहिल्या. कवितेचं काही बिघडलं नाही.

यातला एक कवी ओळखीचा. परवा फोन आला, "सर, वाचलात का?" वाचला होता, म्हणून तर फोन उचलायला वेळ लागला.

चौथ्या संग्रहातही लोकल आहे. लेडीज डब्यात एक बाई गवार निवडतेय. कवयित्री तिच्या कष्टांबद्दल चकार शब्द काढत नाही. शेंगांचे देठ मोडत राहतात, मधली स्टेशनं जातात, पिशवी भरते. बाई उतरते, कविताही तिथेच उतरते. देठांचा ढीग मात्र सीटखाली राहतो. त्या पानावर मी पेन्सिलीने खूण केली, आणि माझं स्टेशन गेलं.

(बोरिवली. रिकामा होत जाणारा डबा.)

संपादकांना कळवलंय, ही कविता पूर्ण छापा. जागा कमी पडली तर माझे दोनशे शब्द उडवा.