धाप, भीती आणि अर्धी गोळी
(ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

ज्यांच्या घरी सीओपीडीचा, म्हणजे फुफ्फुसांच्या दम लावणाऱ्या जुनाट आजाराचा पेशंट आहे, त्यांना रात्री दोनचा तो प्रकार सांगायला नको. माणूस धडपडून उठतो, गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकतो, 'खिडकी उघडा' म्हणतो. घरचे समजावतात, 'अहो, घाबरू नका!' आता ज्याला श्वास पुरत नाही, त्यानं घाबरायचं नाही तर काय करायचं?

या आजारात श्वासनळ्या अरुंद झालेल्या असतात, हवा बाहेर पडायला वेळ लागतो. घाबरून भराभर श्वास घेतला की आधीची हवा पुरती बाहेर पडायच्या आत पुढची येते. छाती फुगलेलीच राहते, दम वाढतो, आणि दमाबरोबर भीती.

मग कुणीतरी घरातलंच अल्प्राझोलाम, म्हणजे भीती शमवणारी, झोप आणणारी गोळी काढतं. 'अर्धीच द्या, झोप लागेल.' झोप लागतेही. हे औषध शेड्यूल एच-१ मधलं, चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. पण ते कसं मिळतं, हे मी तुम्हाला काय सांगू!

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम ही एकाच घरातली भावंडं. ती भीती शमवतात, पण मेंदूकडून श्वासाला मिळणारी चालनाही मंदावू शकतात आणि घशाचे स्नायू सैल करतात. धडधाकट माणसाला नेहमीच्या डोसात ते सहसा जाणवत नाही. ज्याच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड आधीच साठतोय, त्याला मात्र महागात पडतं. सकाळी डोकं ठणकतं, गुंगी उतरत नाही, बोलणं असंबद्ध होतं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कार्बन डायऑक्साइड दाखवत नाही. घरी ऑक्सिजन लावलेल्या पेशंटचा आकडा ९२ दिसतो, सगळे निर्धास्त, आणि पेशंट हाक मारली तरी डोळे उघडत नाही. अशा वेळी थेट हॉस्पिटल गाठायचं. त्यात दारू, ट्रामाडॉल हे वेदनाशामक किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध पोटात असेल तर धोका आणखी वाढतो.

स्वीडनमध्ये घरी ऑक्सिजनवर असलेल्या सीओपीडीच्या पेशंटांचा अभ्यास २०१४ साली आला. या गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यू जास्त दिसले. जास्त आजारी माणसालाच गोळी जास्त दिली जाते, त्यामुळे सगळं खापर मी गोळीवर फोडणार नाही. पण धाप कमी करायला ती उपयोगी पडते, असाही भक्कम पुरावा नाही. आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात आम्ही ती विचारपूर्वक देतो. तो हिशेब वेगळा.

मग भीतीचं काय करायचं? आधी श्वासाचा पंप तपासा. त्यातलं श्वासनळ्या मोकळ्या करणारं साल्बुटामॉल जास्त झालं, किंवा त्याच कामाची थिओफायलिनची गोळी चालू असली, तर हात थरथरतात, छाती धडधडते, झोप उडते. त्यालाच आपण 'टेन्शन' म्हणतो. चिंतेचा आजार खरोखर असेल तर एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारखी औषधं आहेत. ती श्वास दाबत नाहीत. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि वय झालेल्यांत रक्तातलं सोडियम बघावं लागतं. ती भीतीसाठी. धाप त्यांनी कमी होईल अशी आशा धरू नका.

ऐन झटक्यात आधी डॉक्टरांनी सांगितलेला पंप. मग पुढे वाकून बसायचं, नाकानं श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करून सावकाश सोडायचा. छोटा पंखा थेट तोंडावर धरला तर बऱ्याच जणांना बरं वाटतं.

समोरून एका काकूंनी विचारलंय, 'यांची गोळी सहा वर्षं चालू आहे, आज बंद करू का?' नाही काकू, मुळीच नाही. एकदम थांबवली तर फिट येऊ शकते. डॉक्टरांना दाखवून, डोस थोडा थोडा उतरवत, काही महिने लागले तरी चालतील.