‘कोठे शे?’ला उत्तर फोननं द्यावं

(पारोळा इथे रस्ता सुरक्षा अभियानात दिलेलं व्याख्यान, संपादित)

बंधू-भगिनींनो,

अमळनेरला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. सतरा वर्षं झाली. काच फुटलेला फोन कुणी टेबलावर ठेवला की मी आधी विचारतो, ‘तुम्हाला लागलं नाही ना?’ ही सवय मला कशी लागली, ते सांगून मग फोनकडे वळतो.

दिवाळीनंतरचे दिवस होते, कापसाची वेचणी जोरात. दिवेलागणीला मी इथूनच, पारोळ्याहून, मोटारसायकलवर घरी निघालो. निम्म्या वाटेत वरच्या खिशात फोन वाजला. आईची रिंग मी वेगळी लावलेली, त्यामुळे कुणाचा फोन आहे हे न बघताच कळलं होतं. तरी डावा हात खिशात गेला आणि मी नाव बघितलं. मान वर केली तर समोर कापसाची बैलगाडी. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही. बैलगाडी चुकवायला मोटारसायकल साइडपट्टीवर घातली आणि मुरमात घसरलो. हासळीचं हाड मोडलं. फोन माझ्यापासून तीन हातांवर पडला होता आणि वाजतच होता. शेवटी गाडीवानानं तो उचलला.

आई आमच्या अहिराणीत एवढंच विचारणार होती, ‘कोठे शे रे भाऊ? भाकरी टाकू का?’ कोठे शे म्हणजे कुठे आहेस.

हाड दीड महिन्यात जुळलं. आईनं मात्र मी बाहेर असताना फोन करणंच सोडलं. ‘मन्हा फोनमुये पडना तू,’ असं एकदाच म्हणाली. मग रात्री दहा-दहापर्यंत ओट्यावर बसून राहायची. उशीर झाला तरी विचारायचं नाही, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. मला ते हाडापेक्षा जास्त लागलं.

म्हणून ‘गाडी चालवताना फोन बंद ठेवा’ हा सल्ला मला अर्धवट वाटतो. आपण गाडीवर फोन उचलतो तो गंमत म्हणून नाही. सावद्याहून केळीची गाडी निघाली की व्यापाऱ्याचे चार फोन येतात. मळ्यात लाईट आली की सालदाराचा येतो. घरात कुणी आजारी असलं तर प्रत्येक रिंग दवाखान्याचीच वाटते. फोन बंद केला तरी पलीकडच्या माणसाची काळजी बंद होत नाही, आणि आपलीही होत नाही. त्या माणसाला उत्तर मिळालं पाहिजे. ते आपण न देता फोननं द्यावं, एवढ्यासाठी मी आज उभा आहे.

आयफोनमध्ये ही सोय 2017 पासून आहे. 2021 पासून तिचं नाव ड्रायव्हिंग फोकस. सेटिंग्जमध्ये फोकस, त्यात ड्रायव्हिंग. गाडीचं ब्लूटूथ जोडलं गेलं की ती आपोआप सुरू होते, किंवा फोन वेगावरून ओळखतो. एसटीत बसला असाल तरी सुरू होईल, तेव्हा ‘मी गाडी चालवत नाही’ या अर्थाचं बटण दाबायचं. मेसेज करणाऱ्याला फोन स्वतःच उत्तर पाठवतो. त्या उत्तराचा मजकूर बदलता येतो आणि तो जरूर बदला. आयतं इंग्रजी वाक्य आपल्या आईला काय कळणार? माझ्या गिऱ्हाइकांना मी लिहून देतो, ‘गाडीवर शे. पोचनू का फोन करसू.’ वाचणाऱ्याला आपलंच माणूस बोलल्यासारखं वाटतं.

सॅमसंगच्या नव्या फोनमध्ये ‘मोड्स अँड रूटीन्स’ आहे, त्यात ड्रायव्हिंग मोड मिळतो. याच कंपनीनं 2016 साली आपल्या देशात मोटारसायकलवाल्यांसाठी एस बाईक मोड आणला होता. फोन करणाऱ्याला आवाज ऐकू यायचा की हा माणूस गाडी चालवतोय, फारच तातडीचं असेल तर एक दाबा. मला तो विचार फार आवडला होता, कारण त्यात फोन करणाऱ्याला माणूस म्हणून धरलं होतं.

तुमच्यातल्या बहुतेकांकडे साधा अँड्रॉइड आहे. त्यात ‘डू नॉट डिस्टर्ब’ आहेच. वरून बोट ओढलं की सापडतं. लोक ते लावत नाहीत, कारण घरची खरी अडचण कळणारच नाही अशी भीती असते. तिथेच थोडं थांबा. त्या सेटिंगमध्ये दोन सवलती आहेत. ज्या नावांना तारा लावला आहे, त्यांचा फोन वाजू देता येतो. आणि दुसरी, माझ्या मते जास्त मोलाची: एकाच माणसानं पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजू देता येतो. आयफोनमध्ये हीच मुदत तीन मिनिटांची आहे. घरात आजच सांगून ठेवा, ‘साधं काम असेल तर एकदा करा. कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर लगेच पुन्हा करा.’ पुन्हा वाजला तर गाडी बाजूला घ्या, उभी करा, मग बोला.

‘कुठपर्यंत आला?’ या प्रश्नासाठी तर फोन यायलाच नको. निघण्याआधी व्हॉट्सॲपवर लाईव्ह लोकेशन पाठवा. पंधरा मिनिटं, एक तास आणि आठ तास अशा तीन मुदती असतात. ट्रकवाल्यांनी आठ तासांची लावावी, व्यापाऱ्याला गाडी धुळ्यात आहे की शिरपूर ओलांडलं, हे नकाशावरच दिसेल. ज्यांचा धंदा व्हॉट्सॲप बिझनेसवर चालतो त्यांनी त्यातला अवे मेसेज, म्हणजे आपण नसताना आपोआप जाणारं उत्तर, लावून निघावं.

काही जण म्हणतील, आम्ही कानात हेडफोन घालतो, हात मोकळे असतात. हात मोकळे असतात, मन मोकळं नसतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की फोन वापरणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो, आणि हँड्स-फ्री फोन हातातल्या फोनपेक्षा फारसा सुरक्षित नाही. ताशी 60 किलोमीटरनं जाणारी गाडी तीन सेकंदांत 50 मीटर जाते. भावावरून घासाघीस चाललेली असताना ते 50 मीटर डोळ्यांसमोरून जातात, पण दिसत नाहीत. कन्नड घाटाच्या वळणावर हे आठवा. 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली. त्यांत 44 टक्क्यांच्या आसपास दुचाकीवरची होती, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखी.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये 2019 च्या दुरुस्तीनं हातात फोन धरून गाडी चालवणं स्पष्ट घातलं आहे. रस्ता बघण्यापुरता फोन चालतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं. म्हणून नकाशा निघण्याआधी लावा आणि आवाजावर चाला.

माझ्या आईला मी ‘दोनदा करायचं’ हे समजावलं तेव्हा तिला पटेना. मग अंगणात तिच्यासमोर माझा फोन ठेवला आणि तिलाच फोन लावायला सांगितला. पहिल्यांदा वाजला नाही. दुसऱ्यांदा वाजला. तिनं पुन्हा करून बघितलं. आता ती मी प्रवासात असताना फोन करते, एकदाच करते, आणि ओट्यावर न बसता आत जाऊन झोपते.

मागे टेबल मांडलं आहे. माझ्या दुकानातली दोन मुलं आली आहेत. जेवणाआधी फोन घेऊन त्यांच्याकडे या, सेटिंग तिथेच करून देतील, पैसे नाहीत. बटणांचा फोन असेल तरीही या. तो गाडीच्या डिक्कीत कसा ठेवायचा आणि घरी काय सांगून निघायचं, ते मी स्वतः बसून बोलेन. आणि येताना जो माणूस तुम्हाला सगळ्यांत जास्त फोन करतो, त्यालाही सोबत आणा.