बर्फाळ किमची-मारी-गुक्सू: उन्हाळ्यातलं थंड, तिखट कोरियन नूडल सूप

नमस्कार मंडळी! हा वाडगा जरा जवळून बघा. कडेला बर्फाचा चुरा तरंगतोय, मधे पांढऱ्याशुभ्र नूडल्सची गुंडाळी आहे, आणि भोवतीचं लालसर पाणी म्हणजे किमचीचं आंबट-तिखट पाणी. किमची म्हणजे मीठ-मिरची लावून आंबवलेली कोरियन भाजी, बहुतेकदा कोबीची. हे सूप आहे, आणि ते असंच दात शिवशिवतील इतकं गार खायचं असतं. नाव किमची-मारी-गुक्सू. गुक्सू म्हणजे नूडल्स. ‘मारी’ येतं ते भात किंवा नूडल्स पातळ रश्शात घालण्यासाठी कोरियनमध्ये जे क्रियापद आहे, त्यातून. आपण ताकात भात कालवतो ना, साधारण तसं.

गंमत अशी, की हे मुळात उन्हाळ्याचं खाणंच नव्हे. कोरियाच्या उत्तर भागात हिवाळा कडक. तिथली किमची पातळ, भरपूर पाण्याची आणि बेताच्या तिखटाची. ती मातीच्या रांजणांत भरून रांजण अंगणात पुरून ठेवायचे. थंडीच्या रात्री उबदार जमिनीच्या खोलीत बसून, बर्फाचे पापुद्रे धरलेलं ते पाणी नूडल्सवर ओतून खायचं. याचं थोरलं भावंड म्हणजे नॅंगम्यॉन, बकव्हीटच्या (कुट्टूच्या) नूडल्सचं थंड सूप. १८४९ सालच्या ‘दोंगगुक सेसिगी’ या सणवारांच्या कोरियन ग्रंथात त्याची नोंद हिवाळ्यातल्या महिन्याखाली आहे. घरोघरी फ्रीज आले आणि बर्फाळ सूप उन्हाळ्यातही हाताशी आलं.

आता कृतीकडे. दोन माणसांसाठी सांगते.

आधी रस्सा, कारण त्याला वेळ लागतो. कोरियात बहुतेकदा सुकवलेली छोटी मासळी आणि केल्प हे समुद्री शेवाळ उकळून पाणी काढतात. मी शाकाहारी करते: अर्धा पांढरा मुळा, एक कांदा, चार-पाच लसूण पाकळ्या आणि दोन-तीन सुके शिताके मशरूम, चार कप पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं मंद उकळायचे. गाळून साधारण तीन कप उरतं. तेल-तूप अजिबात घालायचं नाही, गारठलं की तूप थिजतं आणि टाळूला चिकटतं.

या कोमट पाण्यात एक चमचा सोया सॉस, दोन चमचे साखर, पाऊण चमचा मीठ आणि दोन मोठे चमचे व्हिनेगर. मग चाखा. तुम्हाला वाटेल, जरा जास्तच झालंय. तसंच हवं! या पदार्थाचं सगळं मर्म इथे आहे. थंड झालं की जिभेला गोडी कमी लागते, वासही कमी सुटतो. वितळलेलं आइस्क्रीम किती गोडमिट्ट लागतं आठवा. कोमट असताना अगदी बरोबर लागलेला रस्सा गार झाल्यावर पाणचट लागतो. म्हणून चव नेहमी एक पायरी चढी ठेवायची.

पूर्ण गार झालं की त्यात एक कप गाळलेलं किमचीचं पाणी घाला. किमची चांगली मुरलेली, आंबट झालेली घ्या. ताजी किमची इथे चालत नाही, तिच्या पाण्याला धार नसते. आणि शाकाहारी मंडळींनी बरणीवरचं लेबल जरूर वाचावं, बहुतेक किमचीत मासळीचं सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते. पाणी कमी निघालं तर थोडं व्हिनेगर आणि मिरची वाढवा. कोरियन मिरचीची भरड मिळाली नाही तर बेडगी मिरचीच्या बिया काढून ती भरड कुटा. रंग भरपूर, तिखटपणा बेताचा, हाच गुण आपल्याला हवाय. मिरची आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आली. कोरियात ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानमार्गे पोचली, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. इतक्या लांबच्या दोन स्वयंपाकघरांत एकाच परदेशी फळाने घर केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता पसरट भांड्यात ओतून फ्रीझरमध्ये दोन-तीन तास. दर चाळीस मिनिटांनी काट्याने खरवडायचं. मीठ-साखरेमुळे हे एकदम दगडासारखं गोठत नाही, आधी पाण्याचे स्फटिक होतात. ते मोडत राहिलं की असा भुरभुरीत चुरा होतो. साध्या पाण्याचे बर्फाचे खडे मात्र टाकू नका, ते वितळले की केलेली सगळी मेहनत पातळ होते.

नूडल्ससाठी सोम्यॉन, म्हणजे गव्हाच्या अगदी बारीक नूडल्स, माणशी शंभर ग्रॅम. आपल्या शेवया घालू नका, थंड रश्शात त्यांचा लगदा होतो. दोन लिटर पाणी खळाखळा उकळू द्या, नूडल्स सोडा. फेस वर आला की अर्धा कप गार पाणी ओता. पुन्हा वर आला, पुन्हा ओता. तीन ते चार मिनिटांत होतात. एक नूडल गार पाण्यात बुडवून चावून बघा, आत कच्चा कणा राहायला नको. गारठ्यात नूडल्स आणखी घट्ट होतात, म्हणून इथे कच्चट ठेवायच्या नाहीत.

आता नीट बघा, हे टाळू नका. चाळणीत ओतून नळाखाली दोन्ही हातांनी चोळून धुवायच्या, कपडे चोळतो तशा, पण हलक्या हाताने. पाणी आधी दुधासारखं येईल, मग स्वच्छ. तो स्टार्च राहिला तर नूडल्स एकमेकांना चिकटतात आणि रस्सा गढूळ होतो. शेवटचं पाणी बर्फाचं. मग घट्ट निथळा आणि बोटांभोवती गुंडाळून वाडग्यात ठेवा.

वर एक वाटी चिरलेली किमची, थोडी साखर आणि भाजक्या तिळाच्या तेलाने माखलेली. आपलं घाण्याचं तिळाचं तेल कच्च्या तिळाचं असतं, त्याला तो खमंगपणा नाही. तेच असेल तर तीळ भाजून कुटून घाला. काकडीचे बारीक काप, अर्धं उकडलेलं अंडं. आणि मग कडेने हा बर्फाळ रस्सा.

थंड आणि तिखट एकत्र इतकं छान का लागतं? तिखट ही चव नव्हे, ती जळजळ आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन, म्हणजे तिला तिखट करणारं द्रव्य, आपल्या नसांमधल्या ज्या ग्राहीला (संवेदना टिपणाऱ्या रेणूला) चेतवतं, तोच ग्राही साधारण ४३ अंशांवरच्या उष्णतेची वर्दी देतो. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली तो शोधला, आणि २०२१च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता. थंडाव्याने हाच ग्राही शांत होतो. म्हणून पहिल्या घासाला गारवा लागतो, आणि गिळल्यानंतर जीभ कोमट होते तशी मिरची हळूच वर येते. मग आपोआप पुढचा घोट घ्यावासा वाटतो.

वाडगा लगेच खायला घ्या, दहा मिनिटांत नूडल्स फुगतात. आणि तळाशी रस्सा उरला तर त्यात मूठभर गार भात घाला. कोरियन लोक त्याला किमची-मारी-बाप म्हणतात, आणि माझ्या घरी तर नूडल्स संपायच्या आतच भाताची मागणी येते. चला, माझा बर्फ वितळतोय, मी बसते जेवायला.